शकुनच्या खाऱ्या नळ्या

दर अवसेला शकुन जंतूंना जेवू घालायची. असं सरळ सांगितलं की समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकायचा, म्हणून कोणी विचारलंच तर ती म्हणे, "कॉलेजात काचा धुते मी." तेही काही खोटं नव्हतं. अमरावतीच्या एका जुन्या कॉलेजात, जंतूंचा अभ्यास चालतो त्या विभागात, तिनं एकवीस वर्षं काचेच्या नळ्या, चंबू आणि बशा धुतल्या. तिचा नवरा नत्थुजी तिथंच शिपाई होता. किडन्या खराब होऊन तो गेला आणि त्याच्या जागी शकुनला घेतलं. बाई चौथी शिकलेली, पण हात असा स्वच्छ की तिनं धुतलेली नळी उजेडाकडं धरली तर नळी आहे की नाही तेच कळायचं नाही.

त्याच खोलीत, खिडकीखालच्या कपाटात, लाकडी स्टँडवर बारा नळ्या उभ्या असत. तोंडाला कापसाचे बोळे, आत तिरपं थिजवलेलं आगर, म्हणजे जंतूंचं जेवण, आणि त्या आगरावर सायीच्या रंगाची नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे लोणारच्या तळ्यातले जंतू. त्या तळ्याच्या पाण्यात मीठ आणि सोडा इतका की मासा जगायचा नाही. हे मात्र तिथं सुखानं नांदतात. त्यांचं कुळनाव अल्कलिलिम्निकोला. शकुनला ते पाठ व्हायला दोन महिने लागले, पण झालं ते कायमचं झालं. नव्या पोरी वर्गात अडखळल्या की ती दारात बादली खाली ठेवून नाव पुरं करून द्यायची, आणि बादली उचलून पुढं जायची.

या नळ्या शकुनच्या नव्हत्या. रश्मीच्या होत्या. आणि रश्मी तेरा वर्षांपूर्वी सांगून गेली होती, "मावशी, सांभाळजो यायले. मी येऊन नेईन."

रश्मी अकोल्याची, जठारपेठेतली. काडीसारखी पोर, नाकावर मोठा चष्मा आणि चष्म्याच्या वर मोठा राग. पीएचडी करायला आली तेव्हा लोणारहून पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन आली. झाकण उघडलं तर कुजक्या अंड्याचा वास. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. शकुननं मात्र लांब श्वास घेतला. तिला माहेराच्या मागचा उन्हाळ्यातला नाला आठवला.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही दर्यापूरकडं, पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहीर खणली तरी खारं, बोअर मारला तरी खारं. डाळ शिजता शिजत नाही, चहात दूध घातलं की फाटतं, साबण घासून घासून झिजतो पण फेस देत नाही. गोड पाणी दोन कोसांवरून बैलबंडीनं यायचं. ते पितळी गुंडात वेगळं ठेवायचं आणि पाहुणा आला की त्याला द्यायचं. घरच्यांनी खारंच प्यायचं. पाहुण्यापुढं खारं पाणी ठेवलं तर त्या घरची पोर चारचौघींत तोंड दाखवायची नाही. शकुन सहा वर्षांची असताना तिनं चोरून गुंडातलं एक भांडं प्यायलं होतं, आणि आईनं मारलं त्यापेक्षा ते पाणी फिकं निघालं याचंच तिला जास्त वाईट वाटलं होतं.

अमरावतीला आली तेव्हा नळाला गोड पाणी. लोक म्हणायचे, सुटलीस. नत्थुजीला त्या खाऱ्या पाण्यानंच नेलं, हे डॉक्टरनं सांगितलेलं तिलाही माहीत होतं. पण सहा महिने तिची तहान भागली नाही. पोट भरे, घसा कोरडाच. कधी कोणी नसताना ती भांड्यात मिठाचा कण टाकून प्यायची आणि आपल्याच येडेपणाला हसायची.

तर त्या वर्षी मे महिन्यात रश्मी चार दिवस अकोल्याला गेली. तिनं एक बाटली मुद्दाम उघडी, नुसता कापूस लावून, खिडकीत ठेवली होती. उन्हानं पाणी आटत आटत बोटभर राहिलं आणि काठाला मिठाची पांढरी पापुद्री धरली. शकुन येता-जाता बघायची. एवढ्या लांबून आलेलं कोणी, पाहुणंच म्हणायचं, आणि असं तहानेलं बसलेलं. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. माठातलं गार, गोड पाणी भांडंभर घेतलं आणि बाटलीत ओतलं.

रश्मी आली, बाटली पाहिली आणि खोली डोक्यावर घेतली.

"कोनं टाकलं पाणी? कोनं टाकलं?"

"म्या टाकलं व बाई."

"काहून टाकलं, मावशी? काहून? ते मुद्दाम आटवून राहिली होती मी! फुटले असतीन सगळे. मिठाच्या पाण्यातल्या जिवाले एकदम गोड पाणी भेटलं तर फुटून मरते तो. माहीत आहे का तुले?"

"मले काय माहीत, पोरी. तहानली होती बाटली."

रश्मीनं बाटली उजेडाकडं धरून पाहिली. मग स्टुलावर बसून रडली. शकुन तिच्याजवळ उभी राहिली, पण हात लावायची हिंमत झाली नाही. तिला एवढंच कळलं होतं की आपण पाहुण्याला गोड पाणी दिलं आणि पाहुणा मेला.

तीन आठवड्यांनी रश्मी धावत भांडी धुवायच्या मोरीत आली. शकुनच्या साबणाच्या हाताला धरून तिला ओढत नेलं. काचेच्या बशीत सायीच्या रंगाचे बारीक बारीक ठिपके होते.

"गोड पाण्यानंही जे मेले नाहीत ते हे, मावशी. बाकी सगळे गेले. हेच चिवट निघाले. आता मी याहीच्यावरच काम करतो."

विभागाचे गावंडे सर चष्मा वर करून म्हणाले, "या नावाचा अर्थच सोड्याच्या तळ्याचा रहिवासी. पत्ता नावातच लिहिलेला आहे, शकुनबाई." शकुन म्हणाली, "आमच्याकडं आडनावात गाव असते, तसंच झालं मग."

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. शकुनच्या घरी अनुप एकटा पोरगा, लेक नाही. रश्मी वसतिगृहातलं जेवण नावं ठेवत टाकायची आणि शकुनचा डबा खायची. ज्वारीची भाकर, झुणका, वर लाल मिरचीचा ठेचा. खाता खाता डोळ्यांतून पाणी गाळत म्हणायची, "मावशी, आता मी मरतो." शकुन म्हणायची, "जीवशास्त्रवाली ना तू? एवढ्यानं मरते का कोनी?" एकदा रश्मीनं तिला लोणारला नेलं. तळ्याच्या काठी शकुननं बोट बुडवून जिभेला लावलं. रश्मी ओरडली. शकुननं तोंड वाकडं केलं, थुंकली आणि म्हणाली, "आमच्या विहिरीचा थोरला भाऊ दिसते हा." घरी येईपर्यंत दोघी त्यावर हसत होत्या.

रश्मीनंच तिला जंतू नव्या नळीत घालायला शिकवलं. स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल करायची, गार होऊ द्यायची, जुन्या रेघेला नुसती टेकवायची, नव्या आगरावर हलक्या हातानं नागमोडी ओढायची. हात थरथरला तर आगर फाटतं. शकुनचा हात थरथरला नाही. आगर करताना सोडा वेगळा शिजवायचा, मीठ आणि यीस्टचं पीठ वेगळं. गरम असताना एकत्र करायचं. महिन्याला एकदा बदललं नाही तर ते आपल्याच घाणीत मरतात. सुरुवातीला तारखा शकुनच्या ध्यानात राहायच्या नाहीत. अवस मात्र कधी चुकली नाही, म्हणून तिनं अवस धरली.

मग रश्मीला हॉलंडला नोकरी लागली. जायच्या दिवशी तिनं कपाट उघडून बारा नळ्यांवरून बोट फिरवलं आणि ते वाक्य बोलली. शकुननं तिला वाटेत खायला भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. विमानात ठेचा न्यायचा नसतो हे दोघींनाही माहीत नव्हतं. नागपूरच्या विमानतळावर तो काढून घेतला, असा रश्मीचा फोन आला. तो पहिला फोन.

दोन दिवाळ्या फोन आला. तिसऱ्या दिवाळीला शकुननं लावला तर तो नंबरच बंद. बाईला वाटलं, कामात असेल. गावंडे सर निवृत्त होऊन धामणगावला गेले. कोणाला सांगून पत्ता काढता आला असता. पण शकुनचा एक हट्ट होता. आठवण करून दिल्यावर आलेलं माणूस काय आलेलं? जिचं सामान आपल्याकडं आहे ती कधी ना कधी न्यायला येतेच.

एकदा शेगावहून येताना ती अकोल्याला उतरली आणि ऑटो करून जठारपेठेत गेली, सहज, रश्मीचं घर तरी पाहावं म्हणून. घर होतं, पण वर कोचिंग क्लासची पाटी, खाली झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, "ते तं पुण्याले गेले ना वो, पोराकडं. घर विकून दोन वर्सं झाली." शकुन तिथल्या पायरीवर थोडी टेकली. म्हणजे रश्मीला इकडं यायला आता घर नाही, माणूस नाही. एक कपाट तेवढं आहे. त्या महिन्यापासून तिनं बाराऐवजी चौदा नळ्या केल्या. दोन जास्तीच्या, एखादी मेलीबिली तर.

टाळेबंदीच्या आदल्या दिवशी तिनं कोणाला न विचारता स्टँड पिशवीत घातला, यीस्टच्या पिठाची बरणी आणि तार घेतली आणि सगळं घरी आणलं. अनुपनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, सारी दुनिया जंतूले घाबरून घरात बसली, आन् तू जंतू घरात घेऊन आली!"

"हे तसले नाहीत, बाबू. हे आपल्याकडचे आहेत."

तिनं आगर म्हणून किराणा दुकानातून मिठाईत घालतात तो चायना ग्रास आणला, कपडे धुवायचा सोडा आणला. कुकरच्या शिट्ट्यांवर नळ्या शिजवल्या. पहिल्या खेपेला गडबडीत सोडा एकत्रच घातला, तर थिजायचं नावच नाही, नुसती कढी. ती कढी फेकताना तिला धडकी भरली, कारण अवस उद्यावर होती. सून चंदा नवीन होती, तोंड झाकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "सोडा अलग शिजवा लागते असं तुमीच मांगच्या महिन्यात सांगतलं होतं ना, आई." सासूनं सुनेकडं पाहिलं. त्या दिवसापासून त्या घरात सासू-सुनेचं भांडण असं झालं नाही. पुढं यीस्टचं पीठ संपलं तेव्हा हरभऱ्याच्या डाळीचं पाणी चालवलं. जंतूंनी तक्रार केली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लोणारचं तळं गुलाबी झाल्याचं टीव्हीवर दाखवलं. शकुन बराच वेळ टीव्हीपुढून हलली नाही. हॉलंडमध्ये हे दिसलं असेल का, एवढंच तिच्या मनात.

कॉलेज उघडलं तशा नळ्या परत कपाटात गेल्या, आणि असं करत करत तेरा वर्षं गेली.

यंदा मे अखेरीला शकुन निवृत्त होणार होती, आणि त्याच महिन्यात जुनी इमारत पाडायची होती. नवे विभागप्रमुख कपाटं उघडून पाहू लागले. "हे काय आहे? कोणाचं आहे? नोंद नाही, नाव नाही. शिजवून मारा आणि नळ्या धुवून टाका." त्यांचंही चुकीचं नव्हतं. जंतूंच्या खोलीत बेवारशी नळी ठेवायची नसते, हे शकुननंच किती पोरांना सांगितलं होतं.

हे काम आलं आचलकडं. आचल नवी शिकवायला लागलेली, तोंडानं फटकळ, मनानं बरी. तिनं स्टँड उचलला तर शकुननं दुसऱ्या बाजूनं धरला.

"सोडा ना, मावशी."

"नाही सोडत."

"कोनाच्या आहेत सांगा तरी. नुसतं रश्मी रश्मी नका सांगू. पूर्ण नाव?"

शकुननं पूर्ण नाव सांगितलं. आचलनं मोबाइलवर बोट फिरवलं, चहा गार व्हायच्या आत तिला शोधलं, पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. शकुन बघतच राहिली. जे तेरा वर्षं तिनं मानाखातर केलं नाही ते या पोरीनं एका चहात केलं.

"आधी काहून नाही सांगतलं तुमी?" आचल म्हणाली.

"ती येईन म्हणली होती," शकुन म्हणाली.

दोन दिवसांनी दुपारी, वर्ग सुटल्यावर, आचलच्या मोबाइलवर रश्मी दिसली. केस कापलेले, कानाशी पांढरे झालेले. चष्मा मात्र तसाच मोठा. "मावशी! कशा आहात तुम्ही?" तिनं पुस्तकातल्यासारखं विचारलं. शकुनला त्या 'तुम्ही'चं जड वाटलं. मग एकमेकींच्या घरचं बोलणं झालं. मग शकुननं स्टँड उचलून मोबाइलपुढं धरला.

"हे पाह्य. चौदाच्या चौदा."

रश्मीनं चेहरा पडद्याजवळ आणला. "मावशी, तुम्ही अजून... दर महिन्याला?"

"दर अवसेले."

"पण मावशी," रश्मी हळू म्हणाली, "ते मी जायच्या आधीच बँकेत ठेवले होते. जंतूंची बँक असते. वाळवून, काचेत बंद करून ठेवतात, शंभर वर्षं राहतात. मला लागले की मी तिथूनच मागवते. मला वाटलं गावंडे सरांनी सांगितलं असेल."

"असं का," शकुन म्हणाली. "बरं झालं. नीट आहेत ना तिथं?"

"हो."

"मंग बरं झालं."

तिनं मोबाइल आचलच्या हातात दिला आणि मोरीत गेली. नळ सोडला. धुतलेले चंबू पुन्हा धुतले. म्हणजे रश्मीचं इकडं काहीच राहिलं नव्हतं. पहिल्या दिवसापासूनच नव्हतं. ती येणार कशाला, आणि न्यायचं काय? मागून आचल आली, काहीतरी बोलू पाहत होती. शकुन तिच्याकडं न बघता म्हणाली, "तो स्टँड कुकरात लाव, बाई. सोमवारी नळ्या धुऊन देते मी."

आचलनं लावला नाही. त्या पोरीची ही एक गोष्ट शकुन पुढं सगळ्यांना सांगायची.

सोमवारी सकाळी शकुन साडीचा पदर खोचून धुण्याची तयारी करत होती, तेवढ्यात तिच्याच साध्या मोबाइलवर लांबलचक नंबरचा फोन आला.

"मावशी, रश्मी बोलून राहिली. मारले नाहीत ना व ते?"

'तुम्ही' गेलं होतं. शकुन स्टुलावर बसली.

"नाही मारले अजून."

"नको मारू. आयक. दोन दिवस माह्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. बँकेतले आहेत ते निजलेले आहेत, मावशी. मी निजवले तसेच्या तसे. तुह्याकडचे तेरा वर्सं जागे आहेत. दीडशेच्या वर खेपा तू त्याहीले नव्या घरात नेलं. नळाचं पाणी, चायना ग्रास, डाळीचं पाणी, आचलनं सांगतलं मले सगळं. ते आता बँकेतल्यासारखे राहिले नसतीन. काय काय बदललं असन त्याहीच्यात, कोनाले माहीत. असे जंतू दुनियेत दुसरीकडं कोठीच नाहीत. मले पाहिजेत ते. आचल कागद भरून देईन, पेटीत बंद करून पाठवून दे. आठ दिवसांत भेटतीन मले."

शकुननं खिडकीखालच्या कपाटाकडं पाहिलं. चौदाही नळ्या उजेडात उभ्या होत्या.

"नाही पाठवत," ती म्हणाली.

"काहून व?"

"तू म्हनली होती, येऊन नेईन. पेटीचं काही ठरलं नव्हतं आपलं."

"मावशी, इथून येनं म्हनजे काय गंमत आहे का? सुट्टी, पोरगी, घर..."

"मी कुठं म्हनते उद्या ये. माह्यं रिटायर होनं काही अडत नाही. घरी कुकर आहे, चंदा आहे. तिले सोडा अलग शिजवाचं समजते. आमी ठेवतो जिते. तू तुह्या सवडीनं ये."

पलीकडं रश्मीनं नाक ओढलं.

"मावशी."

"बोल."

"यंदा दिवाळीची अवस कोन्या तारखेले आहे?"

शकुनला वर्षाच्या साऱ्या अवसा तोंडपाठ होत्या. तेरा वर्षांत एकीची तारीख तिला कॅलेंडरात बघावी लागली नव्हती.

"थांब बाई," ती म्हणाली, "पाहून सांगते," आणि फोन कानाशी तसाच धरून, भिंतीवर कॅलेंडर होतं त्याच्या उलट्या दिशेला, कपाटापाशी जाऊन उभी राहिली.